अपघाताविना चारशे पस्तीस दिवस

२ मार्च. सकाळी ६.४०
बोर्ड: ४१२

पोटमाळ्यावर कुणीतरी आहे. तीन दिवस हिचं म्हणणं होतं की वर काहीतरी धावतं. मी म्हणत होतो, लाकूड आकसतं. आज छताच्या पांढऱ्या रंगावर पिवळा डाग उमटला आणि वास आला. लाकूड मुतत नाही. मान्य.

घुसखोर पाहिला. उदमांजर. मांजरापेक्षा लांब, काळपट, शेपूट अंगाएवढी. उजाडता उजाडता वळचणीखालच्या भोकातून आत शिरलं. शिरताना वळून माझ्याकडे बघितलं. बघण्यात आदर नव्हता.

डाग नेमका लेकीच्या खोलीत, पाळणा ठेवणार तिथेच. लेक २५ तारखेला येतेय, दोन महिने राहणार. सोबत नात, वय साडेतीन महिने. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही, फोनवरच बघतो. हिने लगेच फोन लावून सगळं सांगून टाकलं. लेक म्हणाली, ते जनावर बाहेर गेल्याशिवाय मी बाळाला आणणार नाही, बाबांना सांग.

म्हणजे हातात तेवीस दिवस. भरपूर. एकोणतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो मी. निवृत्त झालो त्या दिवशी गेटवरच्या बोर्डावर 'अपघाताविना दिवस: २९०४' होते. तोच बोर्ड निरोपाच्या वेळी मला भेट मिळाला. आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या हुकाला अडकवायच्या. आता तो स्वयंपाकघराच्या दारावर आहे आणि निवृत्तीपासूनचे घरातले दिवस मोजतो. रोज सकाळी मी आकडा बदलतो. एका उदमांजरापायी तो मोडणार नाही.

हिची सूचना: खालच्या मजल्यावरच्या फिटरला बोलवा. गल्लीतल्या निम्म्या घरांतली असली जनावरं त्यानेच काढलीत. फिटर आमच्याच कारखान्यातला, पत्रा दाबायच्या प्रेस नंबर चारवर होता. उजव्या हाताला तीन बोटं. बाकीची दोन नोंदीप्रमाणे त्याच्या राहत्या घरी दारात चेंगरली. नोंद माझीच आहे. तीन बोटांच्या माणसाने आता मला सेफ्टी शिकवायची म्हणजे कमाल झाली. नाही म्हणून सांगितलं.

संकल्प: अकरा कलमी योजना. दुपारी जेवून लिहीन.

२ मार्च. संध्याकाळी ५
जेवून डोळा लागला. योजना उद्या.

४ मार्च. दुपारी १२.३०
बोर्ड: ४१४

उंचीवर काम करण्याचा परवाना रीतसर भरला. अर्जदार मी. मंजुरी देणारा मी. योजनेतल्या कलम चारप्रमाणे शिडी धरायला दुसरा माणूस हवा. ही बाजारात. दिवस वाया जाऊ नये म्हणून त्या रकान्यातही मीच सही केली.

भोक मोजायला चढलो. रुंदी साधारण एक वीत, उंची— इथे शिडी डावीकडे गेली आणि मी उजवीकडे. खाली हिच्या कुंड्या. बरगडी ठणकतेय, श्वास घेतला की आत सुरी फिरल्यासारखं होतं. कोपर सोलून निघालं. निवडुंगाच्या कुंडीवर नेमका पाठीने उतरलो.

वर्गीकरण: अपघात नाही. नियोजित वेळेआधी उतरलो.

हिने परत आल्यावर कुंड्या कुणी फोडल्या असं विचारलं. घुसखोराने, म्हणून सांगितलं. तिने चिमटा आणून माझ्या पाठीतले काटे काढले. चिमटा मात्र गरजेपेक्षा खोल जात होता.

७ मार्च. सकाळी ११
बोर्ड: ४१७

पिंजरा आणला. वरून पडणारं लोखंडी दार, आत पिकलेलं केळं. दुकानदार चालवून दाखवतो म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा रे, प्रेसच्या कारखान्यात आयुष्य गेलंय माझं.

केळं जरा वाकडं वाटलं म्हणून सरळ करायला हात घातला. दार पडलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं. मी ओरडलो नाही. (ही म्हणते, कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा बघायला आला.) दार अडकलं, वर जाईना. हिने हातोडीने पिंजऱ्याची कडी तोडली. चारपैकी एक घाव चुकला, तो कुठे बसला ते लिहीत नाही. एक नख मुळापासून निघालं, दुसरं काळंनिळं. सिंक लाल झालं.

आवाजाने फिटर वर आला. बर्फ मागितला, बोटं फडक्यात गुंडाळली. "मोजून घ्या साहेब," म्हणाला, "आहेत ना पाचही?" थट्टेची ही वेळ नव्हती. जाताना शहाणपण शिकवून गेला: जाड चामड्याचे हातमोजे घाला, एकट्याने वर जाऊ नका आणि मार्च चालू आहे, भोक बुजवायच्या आधी आत पिल्लं आहेत का ते बघा. मी मान हलवली. नम्रतेने मान हलवणं आणि ऐकणं यात फरक असतो.

वर्गीकरण: उपकरणातील बिघाड. अपघात पिंजऱ्याला झाला, मला नाही.

८ मार्च
केळं गेलं. पिंजऱ्याच्या मागच्या जाळीतून ओढून नेलेलं दिसतं. साल आमच्या उंबऱ्यात टाकून गेलंय. हे मुद्दाम.

१० मार्च. दुपारी ४
बोर्ड: ४२०

उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माझंच आहे.

उदमांजर दिवसा गाढ झोपतं असं पुस्तकात वाचलं. त्याने ते पुस्तक वाचलेलं नाही. सकाळी हेल्मेट, गॉगल, कढई उतरवायचे हिचे कापडी हातमोजे, हातात टॉर्च. चामड्याचे मोजे शोधायला वेळ नव्हता. लेकीच्या खोलीतल्या झडपेतून डोकं वर काढलं. टॉर्चच्या उजेडात दोन डोळे दिसले. मग उजेड गेला, कारण ते माझ्या तोंडावर होतं.

इतकी ताकद त्या हातभर जनावरात कुठून येते कळत नाही. गॉगलच्या काचेवर नखं ओढल्याचा आवाज अजून डोक्यात आहे. काच नसती तर डोळा गेला होता. मानेत दात, कानात दात. मी त्याला ओढलं तसा कानाचा वरचा भाग त्याच्यासोबत गेला. मीही चावलो. खोटं का लिहू, तोंडात केस आले. दोघेही झडपेतून खाली पलंगावर पडलो. तिथून ते कपाटावर, पडद्यावर, पुन्हा माझ्या डोक्यावर आणि तिथून उडी मारून परत माळ्यावर. नव्या चादरींवर माझंच रक्त. हिने दारातून हे सगळं पाहिलं आणि चादरी आधी भिजत घातल्या.

डॉक्टरांनी कानाला सात टाके घातले. रेबीजची पाच इंजेक्शनं ठरली, त्यातलं पहिलं आज. कसं झालं असं विचारल्यावर दाढी करताना, असं सांगितलं. कानामागे दाढी येते का, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर नवीन आहेत.

वर्गीकरण: वैयक्तिक. घरकामाशी संबंध नाही. आकडा बदलला. चारशे वीस बघून ही उगाचच हसली.

१३ मार्च. संध्याकाळी ७.४५
बोर्ड: ४२३

विजय. सात वाजता घुसखोर बाहेर पडताना दिसलं. पाइपावरून झाडावर, झाडावरून पलीकडे. मी तयारच होतो. शिडी हिने धरली. (कलम चार पाळलं, याची नोंद असावी.) वीस मिनिटांत भोकावर फळी, फळीवर पत्रा, पत्र्यावर सतरा खिळे. शेवटचा खिळा मारताना खालून फिटरने हाक मारली, साहेब, पिल्लं बघितली का? मी हातोडीचा आवाज वाढवला.

लेकीला फोन केला. म्हटलं, निर्धास्त ये. खोली किल्ल्यासारखी बंद आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला काही लागलं नाही ना? म्हटलं, मला? बोर्ड चारशे तेवीसवर आहे.

१४ मार्च. सकाळी १०.३०
बोर्ड: ४२४

दवाखान्यातून आत्ताच आलो. क्रमाने लिहितो.

५.५०. ही बाथरूममध्ये दात घासत होती. घुसखोर वरच्या व्हेंटिलेटरची काच फोडून आत आलं. बंद केलेल्या भोकापाशी जाऊन आलं असणार, पत्र्यावर ओरखडे आहेत आणि त्याच्या पंजाचं रक्त आहे. हिची किंकाळी ऐकली. मी लोखंडी रॉड घेऊन धावलो. ते हिच्या उजव्या हातावर चढलेलं, दंडापासून खाली नखांनी उघडं करत होतं, तोंडाने असा आवाज काढत होतं की तसा मी कुठल्याही मशीनचा ऐकलेला नाही. मी तीन फटके मारले. पहिला आरशाला. दुसरा गिझरच्या नळाला, त्यातून उकळतं पाणी उडालं. तिसरा बसला. हिच्या मनगटावर. म्हणजे, उदमांजर तिथे होतं. ते नसतं तर मनगट मध्ये आलं नसतं.

हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. नोकरीत ऐकलाय.

ते फुटलेल्या काचेतून निघून गेलं. ही काचांमध्ये बसली होती, हात मांडीवर ठेवून.  

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, ओरखडे धुतले, हिलाही इंजेक्शनं. कसं झालं विचारलं तर ही म्हणाली, जनावराला घाबरून पाय घसरला. माझ्याकडे बघितलं नाही. टॅक्सीतही नाही. घरी आल्यावर बोर्डासमोर उभी राहिली.

"आज किती लावलाय?"

चारशे चोवीस, म्हटलं.

"छान," म्हणाली आणि आत गेली.

वर्गीकरण: बाह्य कारण. जनावराच्या हल्ल्यात फ्रॅक्चर.

१४ मार्च. संध्याकाळी ७.३०

दुपारी छतातून आवाज सुरू झाला. बारीक, थांबून थांबून. मी म्हटलं, पाइपात हवा अडकली असेल. ही डागाखाली खुर्ची टाकून बसली, प्लास्टरचा हात छातीशी धरून. बराच वेळ ऐकत राहिली.

"पिल्लं आहेत तिची," म्हणाली. "तुम्ही कोंडलीत. म्हणून आली होती ती आपल्या घरात. उघडा ते."

मी कलम नऊ समजावून सांगितलं. एकदा बंद केलेली जागा पुन्हा उघडायची नाही, त्याशिवाय शिस्त राहत नाही. ती उठली, खिडकीतून वाकली आणि फिटरला हाक मारली. एकोणतीस वर्षं कारखान्यात माझ्यावर असा वरचढपणा कुणी केला नव्हता.

फिटर आला. हिचं प्लास्टर बघितलं, मग कोपऱ्यातला वाकलेला रॉड बघितला.  मला शिडी धरायला लावली. मला! त्याने माझे सतरा खिळे एक एक करून उपटले आणि पत्रा खाली दिला. आत हात घातला नाही, डोकं घातलं नाही. उतरला आणि म्हणाला, आता तिकडे कुणी फिरकायचं नाही, दिवे बंद ठेवा, ती स्वतःच नेईल. इतकंच काम. याला कौशल्य म्हणतात म्हणे.

आता खिडकीच्या फटीतून बघितलं. ती आली. एका पायाने लंगडते. आत गेली, तोंडात एक पिल्लू मानेला धरून बाहेर आली, पाइपावरून झाडावर. परत आली. दुसरं. परत आली. तिसरं तोंडातून सुटेल की काय असं वाटत होतं, पण नाही सुटलं. तीन मोजली. ही माझ्या शेजारी उभी होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ते कुठल्याही कलमात बसत नव्हतं.

१९ मार्च. संध्याकाळी ६
बोर्ड: ४२९

फिटरने पाच दिवस भोकाशी पीठ पसरून ठेवलं होतं. तीन दिवस पावलांचा ठसा नाही. तरी त्याने आधी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली, कुणी आत राहिलंच असेल तर बाहेर पडेल, परत शिरणार नाही. मग माळा साफ केला. तोंडाला मास्क, डोळ्याला गॉगल, घाण आधी पाण्याने भिजवली, मग उचलली. सुकी झाडली की ती धूळ छातीत जाते, म्हणाला. हे मला माहीत होतं. आठवत नव्हतं इतकंच.

शिडी मीच धरत होतो. त्याचा हात माझ्या नाकासमोर. चामड्याच्या मोज्याची दोन बोटं दुमडून शिवून टाकलेली. मी सहज म्हटलं, शिवली ते बरं केलंस, मोकळी राहिली असती तर कुठे अडकली असती.

तो पायरीवर थांबला. "बायकोने शिवली, साहेब. प्रेसला हात वाचवणारं गार्ड असतं तर शिवावी लागली नसती."

मी म्हटलं, जुन्या गोष्टी आहेत.

"गार्ड काढायच्या कागदावर सही तुमची होती." आवाज चढवला नाही. वर वळून जाळी ठोकायला लागला.

शिडी हलत होती. ती मी हलवत होतो.  थंडी असावी.

२५ मार्च. रात्री ८
बोर्ड: ४३५

लेक आली. नात झोपलेली होती, गालाला दुपट्याची घडी उमटलेली. मी हात पुढे केले. लेकीची नजर आईच्या प्लास्टरवर गेली आणि हात तसेच राहिले.

हे कसं झालं, तिने विचारलं. हिने तोंड उघडलं, पाय घसरला म्हणायला. मी बोर्डाकडे बघितलं. दारात फिटर उभा होता, हत्यारांची पिशवी न्यायला आलेला, आणि तोही बोर्डाकडेच बघत होता.

"मी मारलं," मी म्हटलं. "रॉडने. उदमांजराला मारायला गेलो आणि तिचं मनगट मोडलं. बोर्डावर लावलं नाही."

 मनगट मोडल्यापासून ही पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. मग लेकीने माझा कान बघितला, बोटं बघितली. म्हणाली, मी राहते, आईसाठी राहते. पण बाबा, बाळाला तुम्ही उचलायचं नाही. त्या बोर्डावर आधी खरे तीस दिवस लावा. मग घ्या तिला.

चार महिने थांबलो होतो, आता आणखी तीस दिवस. राग आला. मग राग कुणावर ते ठरेना.

तीन पाट्या काढल्या. शून्याची एक लावली.

आणि हे इथे लिहून ठेवतो, कारण कारखान्याच्या वहीत आता लिहिता येत नाही. २२ मे. येत्या मे महिन्यात सहा वर्षं होतील. प्रेस नंबर चार. सकाळची पाळी, ९.२०. गार्ड काढून मशीन चालवायची परवानगी मी दिली, माल उशिरा निघत होता म्हणून. प्रेस खाली आला तेव्हा फिटरचा उजवा हात आत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. चेंगरली नाहीत, तुटली. एक मशीनखाली सापडलं, दुसरं सापडलंच नाही. तो ओरडत होता आणि रक्त माझ्या बुटांवर होतं. मी टॉवेल गुंडाळून स्वतःच्या स्कूटरवरून त्याला नेलं, आणि वाटेत सांगितलं की घरी झालं असं म्हण, नाहीतर नोकरी जाईल. त्या दिवशी बोर्डावर १२०६ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः १२०७ लावले.

वर्गीकरण: अपघात.

२८ मार्च. सकाळी ८
बोर्ड: ३

काल वरची पानं फिटरला वाचून दाखवली. त्याने ऐकून घेतलं. तारीख बरोबर आहे, म्हणाला, वेळ ९.१५ होती. दुरुस्ती इथे नोंदवतो. चहाला थांब म्हटलं तर थांबला नाही.

नात जागी असते तेव्हा मी दारात उभा राहतो. तिला माझं हेल्मेट आवडतं.

३१ मार्च. सकाळी ९.१०
बोर्ड: ६

लेक, ही आणि बाळ इंजेक्शनसाठी दवाखान्यात गेलेत. घरात मी एकटा. सहाची पाटी लावायला स्टुलावर चढलो. स्टूल धरायला कुणी नव्हतं. अडकवली आणि स्टुलाचा पाय सरकला. दारावर डोकं, फरशीवर गुडघा. घोटा सुजलाय. पाटी माझ्या पोटावर.

कुणी पाहिलेलं नाही. दहा मिनिटं तसाच बसून होतो. घोट्याला फडकं बांधलं की पायजम्यात दिसणार नाही. चोवीस दिवस राहिलेत. वर्गीकरण: नियोजित वेळेआध

३१ मार्च. सकाळी ११.४०
बोर्ड: ०

पडलो.

साक्षीदार कुणी नव्हता, म्हणून ते परत आल्यावर ही वही हिच्यापुढे ठेवली. तिने आजचं पान वाचलं. मग मागे जात जात सगळी वाचली, निवडुंगापर्यंत. मग पेन मागितलं. खालची सही हिची आहे. डाव्या हाताने केलीय, म्हणून वाकडी.